अतिथि आणि शेजारी

आपल्या मराठी घरांत एक जुनी रीत आहे. शेजारणीकडून आलेलें भांडें रिकामें परत करावयाचें नाहीं. वाटीभर कढी आली तर तीच वाटी धुऊन, तींत दोन लाडू, निदान मूठभर साखर तरी घालून मग ती परत जावयाची. ही रीत कोणी घालून दिली आणि तिच्या मुळाशीं कोणता विचार आहे, ह्याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. परंतु परप्रांतांतून आपल्या गांवीं वसावयास आलेल्या माणसांचें स्वागत कसें करावें, ह्या प्रश्नाचा उलगडा मला जर कोठें झाला असेल तर तो ह्या साध्या रीतींत झाला. तो कसा झाला हें येथें सांगावयाचें आहे. आणि तें सांगतांना लेखकाच्या पदरची थोडी लाजही वाचकांपुढें ठेवावी लागणार आहे.

केडगांव हें पुण्याहून नगरकडे येणाऱ्या रस्त्यावरचें, शहराच्या दक्षिणेस लागणारें गांव. शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, पण लोकांच्या तोंडीं अजून ‘नगर’च बसलेलें आहे. पूर्वीं केडगांव म्हटलें कीं रेणुकामातेचें देऊळ आणि नवरात्रांतील यात्रा एवढेंच परगांवच्या माणसास आठवे. आतां गांव महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे. शेतांच्या जागीं अंबिकानगर, शाहूनगर, भूषणनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आहेत. ह्या वसाहतींतील घरें ज्यांनीं बांधलीं, ज्यांनीं त्यांत फरशी बसविली आणि भिंतींना रंग दिला, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा दूरच्या मुलखांतून आलेले पुष्कळ आहेत. घर बांधून झालें कीं घरमालक वास्तुशांत करतो, आप्तेष्टांना जेवूं घालतो. आणि ज्याच्या हातानें फरशी बसली तो पुढच्या घराच्या अर्धवट भिंतींच्या आडोशाला आपली चूल मांडतो.

‘पूर्वीं आमचें गांव कसें आपल्याआपल्यांतलें होतें’ असें म्हणणारे वृद्ध केडगांवांत भेटतात. त्यांची खंत खोटी नसते. परंतु नगरचा इतिहास तिला दुजोरा देत नाहीं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीनें वसविलेलें हें शहर मुळापासूनच आल्यागेल्यांचें आहे. त्याच निजामशाहीचा समर्थ कारभारी मलिक अंबर हा हबशी. लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढें दख्खनच्या शेतसाऱ्याची व्यवस्था लावतो आणि १६२६ सालीं मरेपर्यंत मोंगलांशीं झुंजत राहतो. १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशनचे लोक येथें आले व त्यांनीं शाळा काढल्या. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी व पंजाबी कुटुंबें आलीं. इतकेंच काय, पण जिच्या नांवानें केडगांव ओळखलें जातें ती रेणुका सुद्धां, तिचें मूळपीठ पाहूं गेलें तर, माहूरची. तेव्हां ‘आपले कोण आणि परके कोण’ हा प्रश्न बहुधा ‘आधीं कोण आले आणि मागून कोण आले’ एवढाच असतो.

असो. इतिहास सांगून कोणाचें मन मोठें होत नाहीं. मन मोठें होतांना ज्या वेळीं प्रत्यक्ष पाहिलें ती वेळ सांगतों. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. बांधकामें आणि कारखाने बंद पडले. हातावर पोट असलेले मजूर बायकामुलांना घेऊन पायींच आपापल्या मुलखाकडे निघाले. पुण्याहून मराठवाडा, विदर्भ आणि त्याही पलीकडे जाणाऱ्यांपैकीं अनेकांच्या वाटेवर नगर होतें. त्या दिवसांत नगरमधील शीख, पंजाबी आणि सिंधी मंडळींनीं इतरांच्या साहाय्यानें ‘घर घर लंगर सेवा’ या नांवानें अन्नदान सुरू केलें. ज्या समाजांचे वाडवडील एके काळीं निर्वासित म्हणून ह्या प्रांतांत आले, त्यांच्या नातवंडांनीं दुसऱ्या निराधारांच्या पुढें ताट ठेवावें, ह्यांत योगायोगापेक्षां अधिक कांहीं आहे. आमच्या रस्त्यानेंही पोळ्यांचे डबे, पाण्याचे हंडे, जुन्या चपला घेऊन लोक उभे राहिले. कोणी जात विचारली नाहीं, प्रांत विचारला नाहीं. ते दिवस आठवले म्हणजे आपल्या गांवाविषयीं अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे.

परंतु त्यानंतर कांहीं महिन्यांनीं तेच मजूर परत आले. कामें पुन्हा सुरू झालीं होतीं. त्यांना आतां पोळीभाजी नको होती. भाड्यानें खोली हवी होती. आणि ज्या हातांनीं रस्त्यावर पोळ्या वाटल्या त्यांपैकींच कांहीं हातांनीं खोलीचें दार लावून घेतलें. ‘माणसें चांगलीं आहेत हो, पण आमच्या घरांत नको’, हें वाक्य मीं त्या वर्षीं इतक्या सज्जनांच्या तोंडून ऐकलें कीं, तीं माणसें ढोंगी आहेत असें म्हणण्याचा मला धीर होत नाहीं. तीं ढोंगी नव्हतीं. रस्त्यावर तीं खरींच हेलावलीं होतीं, आणि दारांतही तीं खरींच घाबरलीं होतीं. मग ह्या दोन खऱ्या भावनांमध्यें अंतर कोठें पडलें?

माझ्या मतें उत्तर ‘अतिथि’ ह्या शब्दांतच आहे. ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड आपण करतों. अतिथीस देवासमान मानावें ही आपली परंपरेची शिकवण आहे, आणि ती आपल्या हाडींमाशीं खिळलेली आहे. परंतु त्या फोडीचा दुसरा अर्धा भाग आपण बोलून दाखवीत नाहीं. अतिथीच्या येण्याला तिथि नसली तरी त्याच्या जाण्याची तिथि आपण मनांत धरलेली असते. तो जाणार आहे म्हणूनच तो देव. देवाला नैवेद्य दाखवितां येतो. देव कांहीं नळावर पाण्यासाठीं आपल्या पुढें उभा राहत नाहीं, त्याचीं मुलें आपल्या मुलांबरोबर एका बाकावर बसत नाहींत. जो राहणार आहे तो अतिथि नव्हे, तो शेजारी. आणि शेजाऱ्याचें काय करावें ह्याविषयीं आपण मनाशीं तितका खोल विचार केलेला नाहीं.

ह्याचें एक थोर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत रशियानें सैबेरियाकडे हद्दपार केलेले पोलंडचे हजारों लोक सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानांत आले. त्यांपैकीं सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका आणि मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणींत राहिले. त्यांच्या तेथें शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, नाटकें होत असत. कोल्हापुरांत त्यांचें स्मारक आहे. आणि वळिवड्यास वाढलेलीं तीं मुलें म्हातारपणीं पुन्हां तें ठिकाण पाहावयास येत राहिलीं. करवीरच्या भूमीला हें भूषणास्पदच आहे. तरीही त्या पाहुणचाराची एक सोय विसरूं नये: तीं माणसें जाणार हें उभयपक्षीं ठाऊक होतें. त्यांतल्या एखादुसऱ्या मुलीनें कोल्हापुरांतच लग्न केलें, मराठी शिकली, येथला संसार आपला मानला. पाहुणी ही सून झाली त्या दिवशीं तिच्यापुढें आणि तिच्या सासरापुढें जो प्रश्न उभा राहिला असेल, तो उरलेल्या पांच हजारांच्या वेळीं कोणापुढें उभा राहिला नव्हता.

आतां माझ्या लाजेची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गल्लींत एका नव्या इमारतीचें काम चाललें होतें. तेथें फरशी बसविणारा एक बिहारी कारागीर बायको आणि सातआठ वर्षांच्या मुलासह मागच्या खोलींत राहत असे. मुलगा आमच्या नातवाचा खेळगडी झाला आणि चार महिन्यांत आमच्यासारखी नगरी मराठी बोलूं लागला. दिवाळींत आमच्या घरून त्यांच्याकडे फराळाचें ताट गेलें. लक्ष्मीपूजनानंतरच्या रविवारीं वसाहतींतल्या तरुण मंडळींनीं एक स्नेहसंमेलन भरविलें. परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांना मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेंत बसविलें, गुलाबाचें फूल दिलें, मुलांना वह्या दिल्या, छायाचित्रें घेतलीं. मंडळींचा हेतु शुद्ध होता आणि श्रमही त्यांनीं मनापासून केले होते. अतिथिधर्मावर दोन शब्द बोलण्याचें काम माझ्याकडे होतें. मी बोललों, आणि टाळ्याही पडल्या.

त्यानंतर दोनच दिवसांनीं त्यांचें छठचें व्रत आलें. केडगांवांत नदी कोठची? त्या बाईनें इमारतीच्या गच्चीवर पाण्याचें मोठें टोपलें भरून त्यांत उभें राहून मावळत्या आणि दुसऱ्या दिवशीं उगवत्या सूर्याला अर्घ्य दिलें. सकाळीं उपवास सोडण्यापूर्वींचा तो थकलेला चेहरा घेऊन ती आमच्या दारीं आली. हातांत आमचेंच ताट होतें आणि त्यांत ठेकुआ होते. गव्हाचें पीठ, गूळ आणि तूप ह्यांचा, सांच्यावर दाबून तळलेला तो प्रसाद. आपल्या शंकरपाळ्यांचा लांबचा भाऊ म्हणाना. आपली रीत तिला कोणी शिकविली नव्हती. ती तिच्या घरचीही रीत होती. ताट रिकामें आलें नाहीं.

तें ताट आम्हीं ओट्यावर झांकून ठेवलें. कोणी वाईट शब्द बोललें नाहीं. ‘कशांत तळलें असेल कोण जाणे’, असें एकानें म्हटलें; मीं माझ्या मधुमेहाचें निमित्त सांगितलें, जरी त्याच आठवड्यांत मीं दोन घरच्या करंज्या खाल्ल्या होत्या. तिसऱ्या दिवशीं तो प्रसाद घरीं काम करणाऱ्या बाईंना देऊन टाकण्यांत आला. जें आम्हांस चालत नव्हतें तें आमच्याहून गरीब माणसास चालेल, हें आम्हीं किती सहज गृहीत धरलें! संध्याकाळीं तो मुलगा अंगणांत खेळतां खेळतां थांबला आणि म्हणाला, ‘आजोबा, आईनं केलेलं खाल्लंत का? कसं लागलं?’ मी म्हणालों, ‘फार छान.’ थोड्याच दिवसांपूर्वीं अतिथिधर्मावर बोललेल्या त्याच तोंडानें मीं एका लहान मुलाशीं खोटें बोललों.

त्या रात्रीं मला कळलें कीं आमच्या संमेलनांत काय उणें होतें. तेथें देणारे आम्ही आणि घेणारे ते, ही वांटणी आधींच झालेली होती. आम्ही व्यासपीठावर, ते पहिल्या रांगेंत. पहिली रांग मानाची असली तरी ती व्यासपीठ नव्हे. दान देणारा नेहमीं एक पायरी वर उभा असतो, आणि ती पायरी त्याला प्रिय असते. कोणाचें अन्न खाणें म्हणजे त्या पायरीवरून खालीं उतरणें. आपल्या समाजांत कोणाच्या हातचें चालतें आणि कोणाच्या हातचें चालत नाहीं ह्यावर माणसांची उंची मोजली गेली, हें आपणांस नवें नाहीं. कोणी उपाशी राहूं नये म्हणून त्याला वाढणें ही दया झाली, आणि दया मोठी गोष्ट आहे. पण त्याच्या घरचें मागून खाणें ही समता होय. दयेनें परका जगतो. समतेनें तो आपला होतो.

लंगराची थोरवी मला ह्या दृष्टीनें नव्यानें समजली. तेथें सारे एका पंगतींत बसतात एवढेंच नव्हे, तर जो आतां जेवला त्यालाच उठून वाढावयास, भांडीं घांसावयास मोकळीक असते. घेणारा त्याच जागीं देणारा होतो. आणि शिरडी तर आमच्याच जिल्ह्यांतली. एकोणिसाव्या शतकांत तेथें कोण, कोठला, कोणत्या कुळाचा हें कोणास ठाऊक नसलेला एक तरुण फकीर आला. गांवानें त्याला भाकरी घातली. एवढ्यावर ती हकीकत थांबती तर तो गांवचा एक भिक्षेकरी म्हणून राहता. पण पुढें तो स्वतः हंडी चढवूं लागला, आपल्या हातानें अन्न शिजवून आल्यागेल्यांना वाढूं लागला, आणि लोक तें प्रसाद म्हणून घेऊं लागले. १९१८ सालीं साईबाबांनीं देह ठेवला तेव्हां त्यांचें मूळ गांव कोणतें हा प्रश्न शिरडीला पडावयाचा थांबलेला होता.

येथें कोणी म्हणेल, हें सारें ठेकुआ आणि करंज्या ह्यांपुरतें ठीक आहे; परंतु पाणी अपुरें, घरभाडीं वाढलेलीं आणि स्थानिक मजुराची मजुरी पडलेली, ह्याचें काय? हा आक्षेप हलका नाहीं. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याला बंधुभावाचें व्याख्यान ऐकविणें हा निर्दयपणाच होय. पण मजुरी पडते ती कशानें, हें नीट पाहिलें पाहिजे. नव्या माणसाचा अडलेपणा हेरून त्याला कमी दरानें राबविणारा हा बहुधा येथलाच, आपल्यांतलाच कोणी असतो. आलेल्याला पुरा दाम मिळाला तर येथल्याचा दामही टिकतो. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें भारतांत कोठेंही राहण्याचा व स्थायिक होण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास दिला आहे. तेव्हां तो येऊं नये असें म्हणण्यापेक्षां तो पडेल भावानें विकला जाऊं नये असें म्हणणें अधिक शहाणपणाचें आणि अधिक न्यायाचें.

भाषेविषयींही तेंच. आलेल्यानें मराठी शिकावी ही अपेक्षा मला मुळींच गैर वाटत नाहीं. उलट, कोणतीच अपेक्षा न करणें हा मला अपमान वाटतो. पाहुण्याकडून आपण कांहीं मागत नाहीं, कारण तो आपला नाहीं. शेजाऱ्याकडून आपण गणपतीची वर्गणी मागतों, लग्नांत वाढावयास बोलावतों, आणि कोणी गेलें तर खांदा द्यावयास हांक मारतों. मराठीची अपेक्षाही ह्याच हक्कानें करावी. पण भाषा धमकीनें येत नाहीं. ती अंगणांत, ओट्यावर, स्वयंपाकघरांत येते. त्या मुलाला चार महिन्यांत जी मराठी आली ती आमच्या नातवानें दिली, कोणत्याही फलकानें नव्हे.

आणि आपणही कोठें कोठें आलेलेच आहोंत. आमच्या जिल्ह्यांतल्या पाथर्डीकडचीं कुटुंबें दर वर्षीं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पांचसहा महिने पाचटाच्या खोपटांत काढतात. ज्या गांवच्या फडांत तीं राबतात त्या गांवच्या लग्नकार्यांत त्यांना कोण बोलावतें? दुसऱ्या टोकाला, १९३२ सालीं लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळ निघालें तें परक्या शहरांत आपल्या माणसाला आपलें माणूस भेटावें म्हणून. आज ज्या घरांतला मुलगा परदेशीं आहे त्या घरांत विचारून पाहा: तेथल्या शेजारणीनें आपल्या सुनेच्या हातची पुरणपोळी मागून खाल्ली, ही बातमी फोनवर कळली म्हणजे आईच्या डोळ्यांत पाणी येतें. तेथें आपल्याला जें हवेंसें वाटतें तेंच येथें त्या फरशीवाल्याच्या गांवाकडच्या आईला हवेंसें वाटत असेल.

तेव्हां असे मेळावे भरविणाऱ्या उत्साही तरुणांना माझी विनंति एवढीच आहे. मेळावे अवश्य भरवा. ज्या गांवांत ते भरत नाहींत त्यापेक्षां ज्या गांवांत ते भरतात तें गांव बरें. पण ज्यांचें स्वागत करावयाचें त्यांना आधीं कामाला लावा. त्यांच्यापैकीं कोणी समितींत असूं द्या, कोणाकडे हिशेब द्या, कोणाकडे चूल द्या. त्यांनीं रांधलेल्या अन्नाची पंगत बसवा आणि त्या पंगतींत प्रथम स्वतः बसा. फूल देऊन छायाचित्र घेणें सोपें आहे. मान खालीं घालून ताटांतलें खाणें थोडें अवघड आहे, आणि स्वागताची खरी सुरुवात तेथूनच आहे.

त्या कुटुंबाचें पुढें काय झालें तें सांगून संपवितों. इमारत पुरी झाली आणि पुढच्या दिवाळीच्या आधींच तीं माणसें दुसऱ्या कामावर निघून गेलीं. कोणी म्हणतें सुप्याकडे, कोणी म्हणतें पुण्याकडे. जातांना मुलगा नातवाला भेटावयास आला होता. मी घरीं नव्हतों. त्याला खरें सांगावयाचें राहूनच गेलें. आमचें ताट घरांत आहे आणि सणावारीं तें वापरांत येतें. आमच्या घरून गेलेलें तें ताट त्या बाईनें भरून परत केलें. तिची बाजू पुरी झाली. बाकी राहिली आहे ती आमच्याकडे. ह्या वर्षीं त्या इमारतीच्या पलीकडच्या जागेवर नवें काम निघालें आहे आणि तेथें कोणी नवीन कुटुंब उतरलें आहे. फराळ त्यांच्याकडे जाईलच. परंतु त्यांच्याकडून कांहीं आलें तर तें ओट्यावर झांकून राहणार नाहीं, एवढें मीं घरांत सर्वांना सांगून ठेवलें आहे.